सरकवलेली तारीख

कुळगावच्या भोईरांकडे सून म्हणून आल्यावर उन्नतीला सगळ्यात आधी एक गोष्ट कळली. या घरात कुठल्याच वस्तूला मालक नसतो. टॉवेल ज्याच्या हाताला लागेल त्याचा. चपला दारात ज्या जवळ असतील त्या. माहेराहून आणलेला तिचा कंगवा दुसऱ्याच आठवड्यात सासूच्या अंबाड्यातून निघाला, आणि तिने कपाटाला छोटंसं कुलूप लावलं त्या दिवशी पुतळाबाई जेवायला बसल्या नाहीत. ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, "आमचे घरान आता चोर निंगालं हान. सुनेनं कुलूप आनलंय."

कुलूप संध्याकाळी निघालं. राग काही निघाला नाही, ना इकडचा, ना तिकडचा.

पुतळाबाई धवलारीण होत्या. आगरी माणसांच्या लग्नात धवला, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी, हळदीपासून वरातीपर्यंत कुठला विधी कधी ते ठरवणारी बाई. त्यांच्या तोंडून धवला सुरू झाल्याशिवाय आसपासच्या चार गावांत नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नसे. आवाज असा की मांडवातल्या स्पीकरला लाज वाटावी. हा आवाज घरातही त्याच पट्टीत चाले. उन्नतीच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी विचारलं, की मुलीचं बी. कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलंय, शिकू द्याल ना, तेव्हा त्याच आवाजात त्या सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "शिकू दे की! आमी काय तिला दाव्याला बांदतंव?"

तो शब्द त्यांनी मोडला नाही. चारचौघांत दिलेला शब्द मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पण रोज सकाळी उन्नती दप्तर उचलायची तेव्हा त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा व्हायचा.

शेवटच्या वर्षाला उन्नतीने संगणक हा विषय घेतला होता. उल्हासनगरच्या कॉलेजात संगणक शिकवणारे सर नव्या गोष्टींचे मोठे शौकीन. एक दिवस त्यांनी मुलांना इंटरनेटवरची एक जागा दाखवली. तिथे आपल्या कामांची यादी करायची. काम लिहायचं, तारीख टाकायची, झालं की खूण करायची, की त्या ओळीवर रेघ येते. राहिलं तर ओळ लाल होते. घरून उघडा, कॉलेजातून उघडा, सायबर कॅफेतून उघडा, यादी तीच. सर म्हणाले होते, "लक्षात ठेवायचं काम यादीला द्या. डोकं अभ्यासाला मोकळं ठेवा."

उन्नतीला ते इतकं पटलं की त्याच संध्याकाळी ती दिरापुढे जाऊन उभी राहिली. घरात संगणक होता तो समर्थचा. समर्थ तिच्याहून वर्षभराने मोठा. स्टेशनाकडे त्याचं मोबाइल-दुरुस्तीचं दुकान होतं, दुपार झाल्याशिवाय ते उघडत नसे. घरात ब्रॉडबँडची तार त्यानेच आणली होती, त्यामुळे इंटरनेट ही आपल्या शेतातली भाजी असल्यासारखा तो वागायचा.

"ईमेल आहे का तुझा, वहिनी?"

"नाही."

"मग माझ्यावर उघडतो. पासवर्ड माझ्या बाइकचं नाव. घरातलंच आहे, लपवायचं काय?"

कुलपाचा प्रसंग ताजा होता. लपवायचं काय, या प्रश्नाला त्या घरात बरोबर उत्तर नव्हतं. उन्नती हो म्हणाली, आणि तिथेच चुकली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. कॉस्टिंगचं तिसरं प्रकरण. अकाउंट्सची गणितं. प्रोजेक्टचा कच्चा मसुदा. एकेक ओळ लिहावी, एकेकीवर रेघ यावी. घरातलं काम कधी संपतच नसे. घासलेली भांडी चहाला पुन्हा खरकटी. पण या पडद्यावर संपलेलं काम संपलेलं राहायचं. रेघ पडली की तिला उगाच पाणी प्यायल्यासारखं वाटे.

एकदा ती अशीच रेघ मारत बसलेली असताना पुतळाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हा काय?"

"कामांची यादी, आई. काय काय करायचं ते. इथे लिहिलं की कॉलेजातही दिसतं."

पुतळाबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण रेघा दिसत होत्या. "यान माजं काम कुठं हाय?"

"तुमचं कुठलं?"

"मासली साफ केलीस ती? पानी भरलंस ती? ती कामां नाय? कालेजाची तेवरी कामां, आनि घरची काय खेल?" त्यांनी तिथूनच हाक मारली, "समर्थ! घाल रे यान!"

समर्थला असली कामं आवडायची. आईने सांगावं, त्याने मोठ्यांदा म्हणत बोटाने बडवावं. सुकट निवडणे. गच्चीवरचे पापड उलटणे. शेजारच्या सगुणाबाईच्या नातीच्या बारशाचं सामान. दुसऱ्या दिवशी उन्नतीने कॉलेजात यादी उघडली, तर कॉस्टिंगच्या डोक्यावर सुकट बसलेली. शेजारच्या संगणकावर अस्मिता होती, तिची अंबरनाथची मैत्रीण. ती वाकून वाचायला लागली आणि हसून हसून लाल झाली.

"सुकटीला प्रायॉरिटी वन दिलीय गं तुझ्या दिराने!"

"हस तू. तुझ्या घरी कुणी असं करत नाही ना."

"माझ्या घरी आई म्हणते, आधी अभ्यास, मग श्वास घे. तेही काही सुखाचं नसतं. पण तू पासवर्ड बदल की."

बदलता आला नसता असं नाही. पण बदललेला पासवर्ड समर्थच्या ईमेलवर परत मागवता येत होता, आणि दुसरी यादी उघडायची म्हणजे आपण पळून गेलो असं झालं असतं. उन्नती पळणाऱ्यातली नव्हती. यादी माझी आहे, मी का सोडू, हा तिचा हट्ट होता. घरातल्यांसारखाच तोही तिखट होता. एवढ्या दिवसांत ती त्या घरचं मीठ खाऊन तशीच झाली होती, असं म्हटलं तरी चालेल.

मग युद्धच सुरू झालं. तिने लिहिलं, "समर्थ : जेवलेलं ताट उचलणे. रोज." समर्थने ते पुसलं नाही, पुसण्यात मजा नव्हती. त्याने त्या कामाची तारीख सरकवून दोन हजार पन्नास साली नेऊन ठेवली आणि जेवताना सांगितलं, "वहिनी, ताट उचलणार आहे मी. तारीख बघ तेवढी."

तिने लिहिलं, "सासूबाई : सकाळचा टोमणा." आणि रोज दप्तर उचलण्याआधी त्याच्यावर न चुकता रेघ मारायला लागली. समर्थने ते आईला वाचून दाखवलं. पुतळाबाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग शांतपणे म्हणाल्या, "लिव. सुनेनं तोंड बंद ठेवाचं. रोज."

ते काम उन्नतीने कधी पूर्ण केलं नाही. ते यादीत लाल होऊन तुंबून राहिलं.

तिचा नवरा हरिचंद्र आनंदनगरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तो तापट नव्हता, वाईट नव्हता, आणि उपयोगाचाही नव्हता. तिने तक्रार केली की म्हणायचा, "बघू." आईने तक्रार केली की म्हणायचा, "बघू." दोघींनाही तो आपल्याच बाजूचा वाटायचा, आणि त्यामुळे दोघींचाही त्याच्यावर राग असायचा.

अशात समर्थचं लग्न ठरलं. मुलगी अंबरनाथची, करिश्मा. घराला रंग, मांडव, डीजे, कपडे, आणि त्या सगळ्यात उन्नतीची शेवटची परीक्षा आणि त्याआधीचा प्रोजेक्ट. लेखी पेपर लग्नानंतर होते. मधे फक्त प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती, मुलांच्या भाषेत व्हायवा. तिथे गैरहजर म्हणजे त्या विषयात नापास, आणि एका विषयात नापास म्हणजे पदवी वर्षभर लांब. आणि या घरात वर्षभर लांब गेलेली गोष्ट परत येत नाही, हे उन्नती जाणून होती. साखरपुड्याच्या मांडवात दिलेला शब्द एका वर्षापुरता होता. दुसरं वर्ष त्यात कुणी धरलं नव्हतं.

व्हायवाची तारीख सरांनी वर्गात तोंडी सांगितली. येता शनिवार. घरी भारनियमन चालू असणार, म्हणून उन्नतीने कॉलेजासमोरच्या कॅफेत बसून ती यादीत टाकली, घरी आली, आणि कामाला जुंपली. चादरी, पाहुणे, मसाला कांडायचा. सरांनी सांगितलंच होतं, लक्षात ठेवायचं काम यादीचं.

त्यांच्याकडे लग्नाचं पहिलं आवतण नवऱ्याच्या मामाला जातं. घरची थोरली बाई आणि थोरली सून, दोघींनी हातात अक्षता घेऊन स्वतः जायचं. पत्रिका पाठवून भागत नाही. पुतळाबाईंचं माहेर शिळफाट्याच्या पलीकडे. मामा घरी सापडायचे ते शनिवारीच. पुतळाबाईंनी समर्थला विचारलं, "शनवारी हिचे यादीन काय हाय?"

"व्हायवा."

"ती काय रं?"

"कॉलेजात जाऊन बोलायचं असतं काहीतरी."

"बोलाचंच हाय ना? सोमवारी बोलंल. सरकव."

समर्थने सरकवलं.

गुरुवारी उन्नतीने यादी उघडली. व्हायवा, सोमवार. ती जराशी थबकली. सर शनिवार म्हणाले होते ना? पण यादीत आपणच लिहिलं होतं. घरात इतका गलका, आपलंच डोकं ठिकाणावर नाही, असं तिला वाटलं. खरं तर तिला हलकंच वाटलं. दोन दिवस जास्त मिळाले.

शनिवारी दोघी जीपने मामांकडे गेल्या. वाटेत पुतळाबाईंनी तिच्या साडीच्या निऱ्यांवर टीका केली, मामींनी तिच्या रंगावर. अक्षता दिल्या, जेवण झालं, मामा पाया पडण्यापुरते दिसले. दिवस कलता कलता दोघी घरी आल्या. फोन ती सकाळी चार्जिंगला लावून विसरली होती. उघडला, तर अस्मिताचे निरोप एकाखाली एक. कुठे आहेस. तुझं नाव पुकारलं. परत पुकारलं. सर रागावलेत. उन्नती, अगं कुठे आहेस.

उन्नतीने संगणक लावला, यादी उघडली, सोमवारकडे पाहिलं. मग समर्थकडे. तो सोफ्यावर पाय पसरून लग्नाच्या गाण्यांची सीडी निवडत होता.

"ही तारीख कुणी बदलली?"

"कुठली?"

"समर्थ, कुणी बदलली?"

उत्तर आतून आलं. पुतळाबाई लुगड्याचा पदर सारखा करत बाहेर आल्या. "मीच सांगितलं. वरारतेस कनाला? आवतान महत्त्वाचं का तुजं बोलनं? तारखा सरकतान. लोकां माजेकरं येतान, मुलीची मावशी मयत झाली, सरकव. नवऱ्याला सुट्टी नाय, सरकव. मी सरकवतंय. कोनाचं अरलंय?"

"आज होती! आज माझं नाव पुकारलं तिथे! तुम्ही इथे तारीख बदललीत, पण कॉलेजला कुणी सांगितलं?"

पुतळाबाईंना प्रश्नच कळला नाही. ती बाई सोंग करत नव्हती, एवढं उन्नतीला त्या रागातही दिसलं.

"कॉम्पुटरान टाकलं ना," त्या म्हणाल्या. "तुजे कालेजानूनच ती यादी उघरतेस ना तू? इथं टाकलं ते तिथं दिसतंय, तूच सांगलंस. मंग तुजे मास्तराला नाय दिसत?"

हरिचंद्र दारात बूट काढत होता, तो एका पायावर तसाच उभा राहिला.

खरंच, उन्नतीनेच सांगितलं होतं. घरी लिहिलेलं कॉलेजात दिसतं, म्हणून फुशारकीने. पुतळाबाईंनी जन्मभर तारखा सरकवल्या होत्या, पण दोन्ही घरांना कळवून. इथे त्यांना वाटलं, ही संगणकाची पेटीच कळवते.

हसला तो समर्थ. "आई, वेडी का काय तू? ती यादी फक्त हिची आहे. कॉलेजला कशी दिसणार?"

पुतळाबाईंची मान सावकाश त्याच्याकडे वळली. "तुला ठावं होतं?"

"कुणालाही ठाऊक असतं."

"मंग सरकवताना का नाय बोल्लास?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस सरकव, मी सरकवलं. आणि वहिनी, एवढं काय? पुढच्या वर्षी दे. करिश्मा येईल मदतीला."

"पुढच्या वर्षी तू लग्न कर," उन्नती म्हणाली. "नवरीला सांग, तारीख सरकवलीय. दोन हजार पन्नास."

"तोंड सांभाळ, वहिनी."

"तेही यादीत आहे. लाल झालंय. वाच."

"बघू," हरिचंद्र म्हणाला. त्यावर तिघंही एकदम त्याच्या अंगावर ओरडली.

सोमवारी सकाळी उन्नती दप्तर घेऊन निघाली, तर दारात पुतळाबाई चपला घालून उभ्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडवात जाताना असतात तशा. "चल," एवढंच म्हणाल्या. वाटभर बोलण्यासारखं गोड दोघींकडेही काही नव्हतं.

सर स्टाफरूममधे पेपर लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. "भोईर. शनिवारी कुठे होता तुम्ही? यादी करायला शिकवली होती ना?"

"केली होती, सर."

"मग?"

ती काही बोलायच्या आत पुतळाबाई पुढे झाल्या. "मी सरकवली, सायेब. हिची चूक नाय. आता तू सरकव."

बाकीच्या प्राध्यापकांनी खुर्च्या वळवल्या. सर कसनुसं हसले. "आजी, हे लग्न नाही. गैरहजर मुलांसाठी एकच दिवस आहे, येत्या शनिवारी दुपारी. त्यानंतर मार्क विद्यापीठाला जातात."

"शनवारी आमचे घरी हलद हाय."

"मग पुढच्या वर्षी."

"दुसरा दिस दे."

"तारीख सरकत नाही, आजी."

पुतळाबाईंना हे वाक्य समजायला वेळ लागला. लोक त्यांच्या दारात तारीख घेऊन यायचे तेव्हा हे वाक्य बोलायचा हक्क त्यांचा असे, आणि त्यांनी तो फार क्वचित वापरला होता. त्या सरांकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाल्या, "माजे दारान कोन तारीख घेऊन आयला ना, तर मी पयलं पानी देतंय. मंग नाय बोलाचं तं नाय बोलतंय. तू बसाला पन नाय सांगलंस." आणि मागे वळून सुनेला म्हणाल्या, "यशील शनवारी. चल."

बाहेर जिन्यात उन्नतीने विचारलं, "आणि हळद?"

"ती माजी मी बघीन. तू तुजं तोंड बघ."

यातून घर गोड झालं असं कुणी समजू नये. आठवडाभर पुतळाबाई उन्नतीशी कामापुरतं बोलत होत्या आणि समर्थशी तेवढंही नाही. समर्थने दोनदा विषय काढला. "आई, आपल्याकडे पहिली हळद थोरल्या वहिनीच्या हातची. ती दुपारी कॉलेजात गेली तर संध्याकाळी माझ्या अंगाला हळद कोण लावणार? तिला सांग ना." पहिल्या वेळी पुतळाबाई सुपातले तांदूळ पाखडत राहिल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी सूप आपटलं.

शनिवारी घर माणसांनी फुटत होतं. पुतळाबाईंनी सकाळीच सुनेला कामं सांगितली, एकाला दुसरं लागून. तांदूळ निवड, पाट धू, पाहुण्यांचे बिछाने गुंडाळ, हळद दळायच्या जात्याला सुपारी बांध. उन्नती दात खाऊन एकेक करत गेली. तिला खात्री वाटू लागली, की ही बाई शब्द मोडणार नाही, पण दुपार मोडेल. शेवटचा पाट धुवून तिने उभा केला आणि म्हणाली, "झालं. आता अजून काही सांगितलंत तर मी ऐकणार नाही."

"मी कुठं सांगतंय?" पुतळाबाई म्हणाल्या. "येवरा येल लावलास. जा ना आता."

मांडवातल्या बायकांनी दप्तर पाहिलं. विठा नावाची एक नात्यातली काकी मोठ्यांदा म्हणाली, "हलदीचे दिशी सून शाळेन चालली! कलेक्टर होते का काय?" उन्नतीने मागे वळून पाहिलं नाही. हातांना सुपारीचा, ओल्या लाकडाचा वास येत होता.

व्हायवाला बाहेरून आलेल्या एक बाई होत्या, आणि सर. तिचा प्रोजेक्टच कामांच्या यादीवर होता. बाईंनी चार प्रश्न सरळ विचारले, तिने सरळ उत्तरं दिली. शेवटी त्यांनी विचारलं, "या पद्धतीत तुम्हाला दोष काय आढळला?"

सर टेबलाकडे बघू लागले.

"यादी कुणी बदलली ते ती सांगत नाही," उन्नती म्हणाली. "ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याशी ती इमानदार. ज्याची कामं, त्याच्याशी नाही. आणि एकदा लक्षात ठेवायचं काम तिला दिलं की माणूस स्वतःवर विश्वास ठेवत नाही. मला शनिवार आठवत होता, मॅडम. मी तिचं ऐकलं."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "ठीक. जा तुम्ही. घाईत दिसताय."

"घरी हळद आहे, मॅडम."

"तुमची?"

"दिराची. थांबली असेल तर."

थांबलेली नसेल हे ती धरूनच चालली होती. अंबरनाथपर्यंत एक रिक्षा, तिथून दुसरी. एमआयडीसीची पाळी सुटली होती, रिक्षाला माणसं लटकलेली. कुळगावात शिरताना तिने कान टवकारले. हळदीच्या संध्याकाळी डीजेचा दणका वेशीबाहेर ऐकू यायला हवा होता. येत नव्हता. काहीतरी अघटित झालं असावं असं तिला वाटलं.

मांडवात डीजे बंद ठेवून सगळं गाव ताटकळत बसून होतं. मधोमध पाटावर समर्थ, नुसत्या बनियनवर, डोक्याला मुंडावळ्या, अंगाला हळदीचा ठिपका नाही. घाम मात्र भरपूर. समोर वाटीत हळद भिजून तयार, वरून सुकायला लागलेली. बाजूला धवला म्हणायला आणलेली बनूबाई. घरच्या लग्नात घरची धवलारीण म्हणत नाही, म्हणून ती आली होती. पण ती पुतळाबाईंच्याच हाताखाली तयार झालेली, त्यांनी मान हलवल्याशिवाय तोंड उघडणार नव्हती. आणि पुतळाबाई खांबाला टेकून, पदर खोचून, मान ताठ धरून बसल्या होत्या.

विठाकाकी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पुतले, मी लावतंय ना हात! पोर कवापासून बसलाय!"

"थोरली सून आल्याबगर आमचे घरान हलद लागत नाय. रीत हाय."

"आई, मला मुंग्या आल्यात पायाला!" समर्थ म्हणाला.

"मंग सरकव," पुतळाबाई म्हणाल्या. "तुला येतंय सरकवाला."

मांडवातल्या कुणाला ते कळलं नाही. समर्थला कळलं. तो खाली बघायला लागला.

उन्नतीने दप्तर खांबाशी ठेवलं, हात धुतले, पदर सारखा केला. पुतळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, झालं का म्हणून विचारलं नाही, नुसती मान बनूबाईकडे हलवली. धवला सुरू झाला. उन्नतीने वाटीत बोटं बुडवली.

समर्थ हळूच म्हणाला, "वहिनी, मी गंमत केली होती गं."

"माहितीये मला." तिने त्याच्या गालाला हळद लावली, सावकाश, कुठे काही राहायला नको अशी. "म्हणून तर मी सावकाश येत होते."

ती सावकाश आली नव्हती. रिक्षातून उतरल्यापासून धावत आली होती. पण ते त्याला कळायची गरज नव्हती.

"आटप," मागून पुतळाबाईंचा आवाज आला. "लोकां उपाशी हान. मी काय तुजेसाठी नाय थांबलंव."

"मी कुठे म्हटलं?" उन्नती म्हणाली.

लग्न लागलं. करिश्मा घरी आली. पूजा आटोपली त्या दुपारी उन्नती स्वयंपाकघरात वांग्यांची देठं काढत पुस्तक समोर ठेवून बसली होती. लेखी पेपर तोंडावर आले होते. बाहेर समर्थ नव्या बायकोला संगणक दाखवत होता. तिचंही कॉलेजचं एक वर्ष राहिलं होतं. तो कौतुकाने म्हणत होता, "तुला एक यादी उघडून देतो. माझ्या ईमेलवर. घरातलंच आहे, लपवायचं काय?"

उन्नतीने वांगं खाली ठेवलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात ओटीवरून, मांडवातल्या पट्टीत, सासूचा आवाज आला.

"तिची ती उघरंल! तू तुजं ताट उचल पयलं!"

उन्नतीने पुस्तकाचं पान उलटलं. आज पहिल्यांदा त्या आवाजाचा तिला राग आला नाही. उद्या सकाळी येणारच होता.